आपले वजन कोण वाहते?



युवकांची सहल जाहीर झाली की धर्मग्रामात दोन सूर हमखास ऐकू येतात. आईवडील विचारतात, "फादर, सहलीत पोरं काय शिकणार? त्यापेक्षा एखादं शिबिर ठेवा ना." आणि पोरे विचारतात, "फादर, सहलीत प्रवचन नाही ना?" दोघांचीही समजूत घालावी लागते. माझा अनुभव असा आहे की, जे प्रश्न शिबिरात फळ्यावर लिहूनही कोणाला आपले वाटत नाहीत, ते डोंगराच्या वाटेवर आपणहून समोर येऊन उभे राहतात. आणि तेथे त्यांना टाळून पुढे जाता येत नाही, कारण वाट अरुंद असते.

नाताळची धावपळ संपल्यावर, जानेवारी २०२५ मध्ये, आपले युवक माथेरानला गेले होते. तेथे निघालेला एक प्रश्न पुढे अनेक बैठकांत पुरला. तो केवळ युवकांचा नाही, आपल्या सगळ्यांचा आहे, म्हणून आज या पानावर मांडत आहे.

माथेरान आपल्याला नवे नाही. १८५० साली ठाण्याचे त्या वेळचे कलेक्टर ह्यू मॅलेट हा डोंगर चढून गेले आणि पुढे तेथे थंड हवेचे ठिकाण वसले. १९०७ साली आदमजी पीरभॉय यांच्या कुटुंबाने नेरळहून वर जाणारी छोटी आगगाडी सुरू केली. समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंचीवरच्या या गावात मोटारींना बंदी आहे. २००३ साली केंद्र सरकारने हा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केला. आपली गाडी दस्तुरी नाक्यावर थांबते. तेथून बाजारपेठेपर्यंत अडीच-तीन किलोमीटरची वाट आहे. धूर नाही, भोंगा नाही, दोन्ही बाजूंना दाट झाडी. मुंबईच्या गर्दीतून आलेल्या माणसाला हे स्वर्गासारखे वाटते.

परंतु मोटार नाही म्हणजे ओझे नाही, असे होत नाही. गावाला लागणारे गॅसचे सिलिंडर, भाजीपाला, पाहुण्यांच्या बॅगा हे सगळे कोणाच्या तरी डोक्यावरून किंवा घोड्याच्या पाठीवरून वर जाते. बॅगा डोक्यावर घेऊन झपाझप चालणाऱ्या हमालांत बायकाही असतात. आणि आम्ही गेलो तेव्हा पाहुणाही असाच जात असे. हातरिक्षात तो बसायचा, पुढे एक माणूस दांडे धरून ओढायचा आणि चढावर मागून दोघे ढकलायचे. आपल्याला मिळणारी शुद्ध हवा अशी कोणाच्या तरी छातीच्या भात्यावर चालत होती.

आम्ही चौतीस जण होतो. आतल्या शटल गाडीची तिकिटे संपली होती, मोजक्या ई-रिक्षांपुढे मोठी रांग होती, म्हणून चालायचे ठरले. गटातील एका मुलाचा गुडघा फुटबॉल खेळताना दुखावला होता. अर्ध्या वाटेवर तो लंगडू लागला. तेवढ्यात एक रिकामी हातरिक्षा शेजारी येऊन थांबली. पुढचे दांडे धरलेले गृहस्थ पन्नाशीचे असावेत. त्यांनी मुलाचा पाय पाहिला आणि रिक्षात बसायला सांगितले.

तेथेच वाद सुरू झाला. एक मुलगी म्हणाली, "माणसाने ओढलेल्या गाडीत बसणं मला पटत नाही. आपण याला आळीपाळीने खांदा देऊन नेऊ." एका मुलाने उत्तर दिले, "काका स्वतः विचारताहेत. पैसे ठरलेले आहेत. जबरदस्ती कोणी केली? नाही म्हणून आपण त्यांची मजुरी बुडवतोय." तिसरा म्हणाला, "मग दुप्पट पैसे देऊ, म्हणजे प्रश्न मिटला." हे सगळे त्या गृहस्थांसमोरच चालले होते. शेवटी ते म्हणाले, "बसायचं नसेल तर नका बसू पोरांनो. पण माझ्याकडं बघून लाजू नका. मी चोरी करत नाही."

मुलगा रिक्षात बसला. दोन मित्रांनी उत्साहाने मागून जोर लावायला सुरुवात केली, तर मागचे दोघे हसले आणि त्यांना बाजूला केले. नवख्याचा जोर एकाच बाजूला पडतो आणि गाडी भलतीकडे वळते, मग पुढच्याच्या मनगटाला हिसका बसतो. मदतीलाही शिक्षण लागते, हे पोरांना तेव्हा कळले. एका वळणावर सगळे थांबले. कोणीतरी घरून आणलेली वसईची सुकेळी काढली, तिघा रिक्षावाल्यांना दिली, आणि बोलणे सुरू झाले. पुढच्या गृहस्थांनी आपला उजवा गुडघा दाबत सांगितले की, त्यांचाही गुडघा याच मुलासारखा दुखतो, उतारावर जास्त. ई-रिक्षा मिळाली तर दुसऱ्या दिवशी हे दांडे सोडून देईन, असेही ते म्हणाले.

संध्याकाळी मिस्सा झाल्यावर मुले पुन्हा त्याच विषयावर आली. प्रश्न असा होता: एखादा माणूस आपल्या खुशीने, ठरलेले पैसे घेऊन आपले वजन वाहत असेल, तर त्यात चूक काय? आणि चूक असेल तर नकार देऊन त्याच्या घरची चूल विझवणे हे बरोबर कसे?

खुशीने की नाइलाजाने?

"कोणी जबरदस्ती केलेली नाही" हा युक्तिवाद वरवर पाहता बिनतोड वाटतो. त्यात "खुशीने" या एका शब्दावर सगळा भार आहे, म्हणून तो शब्द आधी तपासून पाहू.

ग्रीक तत्त्ववेत्ता अॅरिस्टॉटल याने नीतिशास्त्रावरील आपल्या ग्रंथात एक उदाहरण दिले आहे. जहाज वादळात सापडते. बुडू नये म्हणून कप्तान जहाजातील माल समुद्रात फेकून देतो. त्याने माल खुशीने फेकला का? एका अर्थी होय, कारण हात त्याचेच होते आणि निर्णयही त्याचाच होता. पण वादळ नसते तर कोणता शहाणा माणूस आपला माल पाण्यात टाकील? अशा कृतीला अॅरिस्टॉटल संमिश्र म्हणतो. संत थॉमस अक्वायनस यांनीही तेच उदाहरण घेतले आणि सांगितले की, भीतीपोटी केलेली कृती ही त्या घडीला माणसाने निवडलेली असते, परंतु वादळ बाजूला ठेवून तिच्याकडे पाहिले तर ती त्याच्या इच्छेविरुद्धची असते.

आता हे उदाहरण डोंगरावर आणा. दांडे धरणाऱ्याने दांडे स्वतः धरले हे खरे. परंतु ई-रिक्षा मिळाली तर उद्याच सोडीन, असे तोच सांगतो. म्हणजे वादळ आहे. ते आभाळात नाही, घरातल्या रिकाम्या डब्यात आहे, म्हणून आपल्याला दिसत नाही एवढेच. आपण जहाजाबाहेर उभे राहून म्हणतो, "बघा, त्याने माल आपल्या हाताने फेकला."

ही केवळ तत्त्वज्ञानाच्या वर्गातील कसरत नाही. आपल्या राज्यघटनेच्या २३व्या कलमाने वेठबिगारीला बंदी केली आहे. १९८२ साली, दिल्लीतील आशियाई क्रीडास्पर्धांसाठी बांधकाम करणाऱ्या मजुरांच्या खटल्यात, न्यायमूर्ती पी. एन. भगवती यांच्या खंडपीठाने या कलमाचा मोठा अर्थ लावला. चाबूक किंवा कायदा यांनीच सक्ती होते असे नाही. भूक आणि दारिद्र्य यांमुळे दुसरा मार्गच उरला नाही, म्हणून माणूस किमान वेतनापेक्षा कमी मजुरीवर राबत असेल, तर तीही सक्तीच, असे न्यायालयाने म्हटले. त्याच्याही ९१ वर्षे आधी, १८९१ साली, पोप तेरावे लिओ यांनी 'रेरुम नोव्हारुम' या परिपत्रकात असाच विचार मांडला होता. मालक आणि मजूर यांनी मजुरी आपसात ठरवली म्हणजे ती न्याय्य झाली, असे त्यांना मान्य नव्हते. गरजेपोटी किंवा याहून वाईट काही होईल या भीतीपोटी मजुराने कठीण अटी स्वीकारल्या असतील, तर तो अन्यायाचा बळी आहे, असे त्यांनी शिकवले. विद्यमान पोप चौदावे लिओ यांची मे २०२५ मध्ये निवड झाली, तेव्हा लिओ हे नाव घेण्यामागे प्रामुख्याने हेच परिपत्रक असल्याचे त्यांनी सांगितले, ही गोष्ट आपण लक्षात ठेवावी.

तेव्हा "पैसे दिले, संमती होती" एवढ्याने हिशेब पूर्ण होत नाही. आणि दुप्पट पैशांनीही होत नाही. दुप्पट पैसे जरूर द्यावेत. ते त्या दिवशी त्या घरात पोहोचतात आणि ते चांगलेच आहे. पण जास्त पैसे हे जास्त वजनाचे आमिषही होऊ शकतात. १९५३ सालचा 'दो बिघा जमीन' हा चित्रपट आपल्यापैकी ज्येष्ठांनी पाहिला असेल. कोलकात्यात रिक्षा ओढणाऱ्या बलराज साहनी यांना मागे बसलेला प्रवासी अधिक वेगासाठी पैसे वाढवून देत जातो. रक्कम वाढते, वेग वाढतो, आणि शेवटी चाक निखळते. त्या प्रसंगात कोणी कोणाला मारत नाही. नुसते पैसे वाढवले जातात.

लाज कोणाला वाटावी?

आता दुसरी बाजू. त्या गृहस्थांचे वाक्य पुन्हा आठवा: माझ्याकडे बघून लाजू नका. माणुसकीच्या भरात आपण एक गफलत सहज करतो. काम अमानुष आहे असे म्हणताना ते काम करणाऱ्यालाच आपण नकळत कमी लेखतो. त्याची कीव करतो, त्याच्याकडे न पाहता पुढे निघून जातो, आणि यालाच संवेदनशीलता म्हणतो.

संत पोप जॉन पॉल दुसरे यांनी तरुणपणी दगडाच्या खाणीत मजुरी केली होती. १९८१ साली 'लाबोरेम एक्झेर्सेन्स' या परिपत्रकात त्यांनी श्रमाविषयी जे शिकवले त्याचा गाभा असा: कामाची प्रतिष्ठा कामाच्या प्रकारावरून ठरत नाही, ते काम माणूस करतो यावरून ठरते. काम माणसासाठी आहे, माणूस कामासाठी नाही. या न्यायाने रिक्षा ओढणाऱ्या माणसाची प्रतिष्ठा तसूभरही कमी होत नाही. घाम गाळून तो घर चालवतो. त्याने मान खाली घालण्याचे कारण नाही.

मग कमी होते ते कोणाचे? येथे सॉक्रेटिसचे म्हणणे उपयोगी पडते. अन्याय सोसण्यापेक्षा अन्याय करणे अधिक वाईट, असे तो म्हणत असे; सोसणाऱ्याच्या शरीराला इजा होते, करणाऱ्याचा आत्मा बिघडतो. जर्मन तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांट याने हीच गोष्ट वेगळ्या रीतीने मांडली. वस्तूंना किंमत असते, माणसाला प्रतिष्ठा असते. म्हणून माणसाला कधीही केवळ साधन म्हणून वागवू नये. "केवळ" हा शब्द महत्त्वाचा आहे. आपण सगळेच एकमेकांच्या उपयोगी पडतो. बसचा ड्रायव्हर, दवाखान्यातील परिचारिका, सुईण, हमाल यांच्यावाचून आपले चालत नाही. प्रश्न असा की, त्यांच्या सेवेतून माणूस आपल्याला दिसतो का, की फक्त चाक दिसते?

म्हणून दुखऱ्या गुडघ्याचा मुलगा आणि निव्वळ मौज म्हणून, मोबाइलवर फोटो काढत, धडधाकट शरीराने वर बसलेला पाहुणा यांना मी एका मापाने मोजणार नाही. गरजेपोटी घेतलेला आधार आणि चैनीसाठी वापरलेला माणूस यांत फरक आहे. हा फरक कायद्याच्या पुस्तकात लिहिता येत नाही. प्रत्येकाने तो आपल्या विवेकबुद्धीसमोर ठेवायचा आहे. केदारनाथला, गिरनारला किंवा शबरीमलाला डोलीतून नेल्या जाणाऱ्या वृद्ध यात्रेकरूविषयीही मी असेच म्हणेन. त्या म्हाताऱ्या भक्ताला दोष देणे सोपे आहे. पण त्याच्यासाठी दुसरी सोय का नाही आणि डोली वाहणाऱ्यांसाठी दुसरे काम का नाही, हे विचारणे अधिक न्यायाचे आहे.

पवित्र शास्त्रातील ओझी

बायबलमध्ये वजन वाहणारी माणसे जागोजागी भेटतात. त्यांतील तीन प्रसंग पाहू.

पहिला प्रसंग पक्षाघाती माणसाचा (मार्क २). चौघे त्याला खाटेसकट उचलून आणतात, छप्पर उघडतात आणि येशूसमोर सोडतात. येथेही माणूस माणसाचे वजन वाहतो. परंतु येथे वाहणारे स्वतःहून आलेले आहेत, वाहिला जाणारा असहाय आहे, आणि प्रवासाचा शेवट असा होतो की तो माणूस आपल्या पायांवर उभा राहून स्वतःची खाट उचलून घरी जातो. चांगल्या मदतीची हीच कसोटी आहे. ती दुसऱ्याला कायमचे खाटेवर ठेवत नाही, आणि वाहणाऱ्यालाही कायमचे खाटेखाली ठेवत नाही.

दुसरा प्रसंग चांगल्या शोमरोन्याचा (लूक १०). जखमी माणसाला तो आपल्या जनावरावर बसवतो. जनावर एकच असावे. म्हणजे शोमरोनी स्वतः उतरला आणि पुढचा रस्ता पायी चालला, असे समजायला हरकत नाही. आपल्या बसण्याची जागा त्याने दुसऱ्याला दिली. पुढे उतारशाळेच्या मालकाला त्याने पैसे दिले आणि परत येण्याचेही आश्वासन दिले. हा परत येण्याचा भाग आपण प्रवचनात बहुधा घाईने उरकतो. पैसे देऊन तो मोकळा झाला नाही.

तिसरा प्रसंग क्रूसाच्या वाटेतील पाचव्या स्थळाचा. कुरेनेकर शिमोन शेतावरून येत होता. शिपायांनी त्याला वेठीस धरले आणि येशूचा क्रूस वाहायला लावला. मार्कने येथे वापरलेला ग्रीक शब्द सरकारी वेठीचा आहे. रोमी शिपाई रस्त्यावरच्या कोणाही माणसाला पकडून आपले ओझे वाहायला लावू शकत असे. डोंगरावरील प्रवचनात, कोणी एका कोसाची सक्ती केली तर त्याच्याबरोबर दोन कोस जावे असे येशू शिकवतो (मत्तय ५), तेथेही हाच शब्द आला आहे. वेठीने राबणाऱ्याचे दुःख प्रभूला माहीत होते. आणि आयुष्याच्या शेवटच्या चढावर, ज्याला खरोखर आधाराची गरज होती त्या प्रभूला, मिळाला तोही एक वेठबिगार. शुभवर्तमानाने त्या बिगाऱ्याचे नाव जपून ठेवले आहे, त्याच्या दोन मुलांचीही नावे जपून ठेवली आहेत. ज्यांनी त्याला जुंपले त्या शिपायांची नावे मात्र त्या पानावर नाहीत. आपण ज्यांच्याकडून ओझी उचलून घेतो, त्यांच्यापैकी किती जणांची नावे आपल्याला ठाऊक असतात?

उतरल्यानंतर काय?

६ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने माथेरानच्या बाबतीत निकाल दिला. सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या अध्यक्षतेखालील खंडपीठाने माणसाने माणसाला ओढण्याची ही प्रथा अमानुष ठरवली आणि सहा महिन्यांत ती टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा आदेश राज्य सरकारला दिला. निकालाचा मला सर्वांत मोलाचा वाटलेला भाग त्यापुढचा आहे. नुसती बंदी घालून न्यायालय थांबले नाही. हात रिकामे झालेल्या रिक्षाचालकांचे पुनर्वसन व्हावे, गुजरातमधील केवडियाच्या धर्तीवर ई-रिक्षा भाड्याने देण्याची योजना आखावी, त्या खऱ्या रिक्षाचालकांनाच मिळाव्यात, आणि निधी नाही ही सबब सांगू नये, असे त्यात बजावले आहे. माथेरानमध्ये असे ९४ परवानाधारक होते. म्हणजे ९४ घरे.

वाद घालणाऱ्या दोन्ही मुलांना न्यायालयाने जणू एकत्र बसवले. "बसणार नाही" म्हणणारी मुलगी बरोबर होती. ती पद्धत बंदच व्हायला हवी होती. "त्याच्या मजुरीचे काय?" असे विचारणारा मुलगाही बरोबर होता, कारण नुसते रिक्षातून उतरणे ही अर्धीच नीती आहे. आपले हात स्वच्छ राहिले, एवढ्यावर ख्रिस्ती माणसाचे समाधान होऊ नये. आपण उतरलो आणि तो उपाशी राहिला, तर आपल्या पुण्याची किंमतही त्यानेच मोजली. म्हणजे आपण पुन्हा त्याच्याच खांद्यावर बसलो.

उतरल्यानंतर काय करावे, याचे उत्तम उदाहरण त्याच डोंगराच्या मातीत आहे. हुतात्मा भाई कोटवाल यांचा जन्म १९१२ साली माथेरानला एका नाभिक कुटुंबात झाला. ते वकील झाले. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडाच्या जंगलात इंग्रजांच्या पोलिसांशी झालेल्या चकमकीत ते धारातीर्थी पडले, हे आपण इतिहासात वाचतो. त्याआधीचे त्यांचे एक काम कमी लोकांना ठाऊक आहे. आसपासचे गरीब शेतकरी आणि आदिवासी पावसाळ्यात धान्य संपले की सावकाराच्या दारी जात आणि मग आयुष्यभर त्याचे बांधील होत. भाईंनी गरिबांसाठी धान्यकोठ्या उभारल्या. आता अॅरिस्टॉटलचे वादळ आठवा. कप्तानाला "माल फेकू नकोस" असा उपदेश भाईंनी केला नाही. त्यांनी वादळच कमी केले. घरात धान्य असेल तर माणूस सावकाराला "नाही" म्हणू शकतो. आणि ज्याला "नाही" म्हणता येते त्याच्याच "हो"ला संमती म्हणता येते.

माझ्या मते या सगळ्या चर्चेचे सार यात आले. एखादा माणूस आपल्यासाठी राबत असेल तर तो हो म्हणाला का, एवढेच विचारू नका. त्याला नाही म्हणता आले असते का, हे विचारा. आणि आले नसते, तर ते यावे म्हणून आपण काय करणार आहोत, हेही विचारा.

हा प्रश्न घेऊन डोंगरावर जाण्याची गरज नाही. आपल्या घरी धुण्याभांड्यांना येणारी ताई आजारी पडली तर पगार कापला जाईल या भीतीने तापातच येते का? आपल्या वाडीत खुरपणीला येणारे मजूर, लग्नाच्या मांडवात मध्यरात्रीपर्यंत ताटे उचलणारी पंधरा-सोळा वर्षांची मुले, इमारतीच्या दारात बारा-बारा तास उभा असणारा वॉचमन, भर पावसात चौथ्या मजल्यावर जेवण आणून देणारा तरुण... हे सगळे आपले वजन वाहतात. त्यांच्या रिक्षेला दांडे नसतात, म्हणून आपण बसलो आहोत हे आपल्या ध्यानात येत नाही. चर्चच्या सणाला मरियामातेची मूर्ती आपण खांद्यावरून मिरवतो तेव्हा खांदा देण्यासाठी चढाओढ लागते. कारण ते वजन प्रेमाचे असते आणि खांदा बदलायला शेजारी माणूस उभा असतो. गरिबाच्या खांद्याशेजारी बदलीला कोणी उभे नसते, हेच त्याच्या ओझ्याचे खरे वजन आहे.

आपल्या धर्मग्रामातील युवकांनी माथेरानहून आल्यावर एक छोटी गोष्ट सुरू केली, ती सांगण्यासारखी आहे. प्रत्येक सहलीच्या आणि कार्यक्रमाच्या खर्चात ते आता एक ओळ वेगळी लिहितात: ज्यांनी आपल्यासाठी काम केले त्यांची मजुरी. ती घासाघीस न करता, त्याच दिवशी, हातात दिली जाते, आणि काम करणाऱ्याचे नाव वहीत लिहिले जाते. यामुळे जग बदलले असे मी म्हणणार नाही. पण वहीत नाव आले की माणूस "तो रिक्षावाला" राहत नाही, एवढे नक्की. पुढच्या टप्प्यावर धर्मग्रामातील घरकामगार आणि रोजंदारी करणाऱ्या कुटुंबांसाठी आजारपणाच्या दिवसांचा एक मदतनिधी उभारावा, अशी त्यांची सूचना आहे. म्हणजे आपल्या परीने एक धान्यकोठी. धर्मग्राम परिषदेच्या येत्या बैठकीत हा विषय घेतला जाईल. ज्येष्ठांनी त्याला आशीर्वाद द्यावा आणि शक्य त्यांनी खांदाही द्यावा, ही विनंती.

या आठवड्यात कुटुंबप्रार्थनेनंतर पाच मिनिटे काढून पुढील प्रश्नांवर बोलावे:

१. आपल्या घरासाठी नियमितपणे कोण कोण राबते? त्यांची पूर्ण नावे आपल्या मुलांना माहीत आहेत का?

२. त्यांच्यापैकी कोणाला आपल्याला "नाही" म्हणण्याची भीती वाटते का? ती भीती आपण कशी कमी करू शकतो?

३. असे कोणते एक ओझे आहे जे आपण स्वतः उचलू शकतो, तरीही सवयीने दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवतो?

कष्टी आणि भाराक्रांत जनांना आपल्याकडे बोलावणारा प्रभू येशू आपल्याला आपली ओझी ओळखण्याची आणि एकमेकांची ओझी वाहण्याची कृपा देवो.

आपला,
धर्मगुरू